आर्सेनची जागा

आल्सासची माणसं येणार म्हटल्यावर ला फेरांदी गावात कुणी हळहळलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. मार्सेलीन वर्न्योलनं तेवढ्या वेळात हिशेब करून टाकला. जर्मनीच्या सरहद्दीवर लढाई लागली होती आणि तिकडच्या आल्सासमधली गावंच्या गावं फ्रेंच सरकारनं रिकामी केली होती. गावचा मेयर लासेर दारोदार फिरून सांगत होता, की ज्याच्याकडं जास्तीची खोली आहे त्यानं एक कुटुंब ठेवून घ्यायचं, लढाई संपेपर्यंत. मार्सेलीनकडं खोली होती. मुलगा फेर्नां पलटणीत गेल्यापासून तिथं नुसते कांदे पसरलेले असायचे. खोलीच्या बदल्यात चार माणसं, म्हणजे आठ हात, आणि द्राक्षाची तोडणी तर तोंडावर आलेली. घोडी सैन्यानं नेली, पोरगा सैन्यानं नेला. त्याची भरपाई म्हणून सरकार आठ हात देत असेल तर नको म्हणायला ती काय खुळी होती?

त्यातले बरेचसे हात तर माणसं यायच्या आधीच तिनं खर्ची घातले होते. शेजारच्या आर्सेन पुयादकडं बैलजोडी होती आणि द्राक्षं दाबायचा घाणाही होता. दोघांचं ठरलं ते असं: मार्सेलीनच्या घरची माणसं आधी आर्सेनच्या मळ्यात तोडणी करतील, मग आर्सेनचे बैल मार्सेलीनची द्राक्षं वाहतील आणि त्याच्याच घाण्यात ती दाबली जातील. तिचा मळा टेकडीच्या पार डोक्यावर होता. बैल नसले तर द्राक्षं खाली आणायला स्वतःची पाठ, आणि ती पाठ साठीच्या पुढं गेलेली. द्राक्षं गेली तर वर्षाची वाइन गेली, आणि वाइन गेली तर मिठापासून लाकडी जोड्यांपर्यंत सगळंच अडलं.

मेयरच्या गाडीतून आधी एक पिसांची दुलई उतरली. चांगली वासराएवढी. दुलईच्या खालून एक म्हातारी निघाली, तिच्यामागून तिशी ओलांडलेली एक उंच, हडकुळी बाई, आणि शेवटी गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या दोन पोरी. मार्सेलीन तरी गाडीत वाकून बघतच होती.

"आणि गडी कुठं हायेत?"

"गडी लढाईवर," लासेर म्हणाला. "तुझ्या फेर्नांसारखेच."

"चार मानसं म्हनला हुतास."

"मग मोज की. चारच आहेत."

मार्सेलीननं मोजली. म्हातारीचे दोन हात संधिवातानं वाकडे झालेले. पोरींचे चार हात अक्रोडाएवढे. राहिले दोन. ते त्या हडकुळ्या बाईचे. तिचं नाव सालोमे. म्हातारी तिची सासू मार्ग्रेट, मोठी पोर फ्रीडल नि धाकटी लीना. सालोमेनं ते दोन हात पुढं जोडून शाळेच्या पुस्तकातल्यासारखं म्हटलं, "मादाम, आपण आम्हाला आसरा दिलात. आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत."

"अत्यंत राहू दे. वाकता येतंय का?" मार्सेलीन म्हणाली.

पहिल्याच संध्याकाळी चुलीवरून गंमत झाली. सालोमे भिंतीतल्या भल्यामोठ्या चुलाण्यासमोर उभी राहिली. साखळीला हंडा लटकत होता, खाली ओंडका धुमसत होता. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मादाम, चूल कुठे आहे?"

"डोळ्यापुढं हाय की. आख्खा बैल भाजला जाईल एवढी."

"आमच्याकडे लोखंडी असते. झाकणाची. धूर नळीतून बाहेर जातो."

"हितं बी जातो. त्याच्या मर्जीनं."

त्या दिवशी धुराची मर्जी नव्हती. म्हातारी मार्ग्रेट डोळे पुसत आपल्या भाषेत बरंच काही बोलली. ती भाषा ऐकली की गावातली माणसं दचकायची. जर्मन रेडिओच घरात शिरल्यासारखं वाटायचं.

"काय म्हंते तुझी सासू?"

"त्या म्हणतात..." सालोमे जरा थांबली. "घर छान आहे."

"एवढं लांबलचक छान?"

पहिल्यांदाच सालोमे हसली. हसली की ती एवढी हडकुळी दिसत नव्हती.

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी मार्सेलीन पाव घातलेलं सूप पुढं ठेवायची आणि पोरी वाडग्याकडं शिक्षा झाल्यासारखं बघायच्या. त्यांना कॉफी हवी असायची. उजाडलं की सालोमे दुलया खिडकीतून बाहेर टाकायची. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "मार्सेलीन, तुझ्या खिडकीत ढग अडकलाय गं!" सालोमेनं काचा पुसल्या, तेव्हा मार्सेलीनला स्वतःच्या परसातलं अंजिराचं झाड एवढं जवळ आहे हे नव्यानं कळलं. आणि सूप संपत आलं की मार्सेलीन ताटलीतल्या उरलेल्या रश्श्यात लाल वाइन ओतायची, ताटली गोल फिरवायची आणि दोन्ही हातांनी तोंडाला लावून प्यायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मार्ग्रेट छातीवर हात ठेवून मागं सरकली होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं आपली ताटली बाटलीकडं सरकवली. मार्सेलीननं ओतली. म्हातारी प्यायली, तिनं मिशीवरून हात फिरवावा तसा ओठांवरून हात फिरवला आणि ताटली पुन्हा पुढं केली.

"ही हितं ऱ्हानार," मार्सेलीन म्हणाली.

आर्सेनच्या मळ्यात तोडणी सुरू झाली तेव्हा सालोमेच्या दोन हातांची किंमत कळली. घरी ती तंबाखूची पानं खुडायची. बोटं तशीच चालत होती. पोरी वेलीखालून सरपटत खाली पडलेले मणी वेचत होत्या. कंबर धरून उभा राहिलेला आर्सेन बघत राहिला. बायको वारून दहाएक वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि गुडघे असे आखडलेले की वाकायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागे.

"बाई हाय का कातर?" तो म्हणाला.

"माझ्याकडनं आलीया," मार्सेलीननं ऐकवलं. जणू तिनंच घडवली होती.

दुपारी वेलीच्या सावलीत पाव खाताना सालोमे म्हणाली, "माझे पती गेयोर्ग म्हणत, मी फार घाई करते. ते सावकाश तोडतात."

"माझा फेर्नां बी तसलाच. एक घड तोडला की एक खानार."

दोघी हसल्या, आणि पाव संपायच्या आधीच उठून पुन्हा कामाला लागल्या.

शनिवारी आर्सेनची शेवटची टोपली घाण्यात गेली. मंगळवारी सकाळी बैल मार्सेलीनकडं यायचे, असं पक्कं ठरलं. मधे एक सर येऊन गेली होती आणि रविवारी लख्ख ऊन पडलं. सालोमे पोरींना घेऊन फिरायला गेली. दुपार कलली तेव्हा ती परत आली. एप्रनचा ओचा पोटाशी धरलेला, आणि पोरी तिच्यापुढं उड्या मारत.

"मादाम, आपल्यासाठी भेट आणली आहे."

तिनं ओचा टेबलावर रिकामा केला. मार्सेलीनच्या हातातला कांदा खाली पडला.

सेप होत्या, रानातली अळंबी. नुसत्या साध्या नव्हेत. काळ्या टोपीच्या, जाड देठाच्या, कीड न लागलेल्या, तान्ह्या पोराच्या मुठीसारख्या घट्ट. अशी अळंबी सबंध पंचक्रोशीत एकाच रानात उगवायची आणि ती जागा एकाच माणसाला माहीत होती. इकडचा, पेरिगोरचा माणूस एक वेळ बायकोचं वय सांगेल, सेपची जागा सांगणार नाही. आर्सेनला ती बापानं मरताना कानात सांगितली होती. तिकडं जाताना तो आधी उलट्या दिशेनं निघायचा, चर्चला वळसा घालायचा, मग कुठंतरी गडप व्हायचा. मार्सेलीननं बरीच वर्षं त्याचा माग काढला होता. एकदा नेच्याची पानं कापायचं निमित्त करून ती मागं मागं गेली, तर त्यानं तिला दलदलीत नेऊन सोडलं आणि स्वतः ओंडक्यावर बसून अंधार पडेपर्यंत विड्या ओढल्या.

आणि ही बाई ओचा भरून घेऊन आली होती.

"तुमच्याकडं... कुनाच्या बी रानात जातात व्हय?" मार्सेलीननं हळूच विचारलं.

"आमच्या गावचं रान गावाचं असतं, मादाम. लाकूड वाटून घेतात, अळंबी ज्याला दिसेल त्याची. इथे तसं नाही का?"

"आसंच की, आसंच," मार्सेलीन म्हणाली आणि उठून दाराला कडी घातली.

त्याच वेळी विचारलं असतं, की बाई, नेमकं कुठं, तर सालोमेनं झाड न् झाड सांगितलं असतं. पण असला प्रश्न तोंडावर विचारणं मार्सेलीनच्या रक्तात नव्हतं. असल्या गोष्टीला लांबून यायचं असतं. आधी जेवण, मग वाइन, मग रानातली हवा कशी होती, झरा लागला का, चढ लागला का. घाई कशाला? बाई घरातच होती. तिनं कढई चढवली, बदकाची चरबी सोडली, लसूण ठेचला. काप चरबीत पडले आणि तो वास धुराच्या आधी धुराड्यातून वर गेला. धूर घरात राहिला. वास गावभर फिरला.

ताटल्या पुसून झाल्या आणि मार्सेलीन खुर्ची पुढं ओढून "मग, रानात गारवा असंल न्हाई?" एवढंच म्हणाली, तोवर दार वाजलं.

आर्सेन उंबऱ्यात उभा. जोड्यांना ओली माती, चेहरा कुणी मेल्यासारखा. त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि नाक खाली आणलं.

"जेवान झालं?" तो म्हणाला.

"झालं. अंडी हुती."

"अंड्यांना लई चांगला वास येतोय तुझ्या."

"कोंबड्या चांगल्या हायेत."

"कोंबड्या रानात चरायला जातात वाटतं."

"कुनाच्या रानात?" मार्सेलीननं गरिबासारखं विचारलं.

आर्सेननं जोड्याची माती उंबऱ्यावर खरवडली. माझ्या रानात म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, की रानात कुठं. चोरी झाली म्हणावं तर काय चोरलं ते सांगावं लागणार, आणि काय ते सांगितलं की तिथं ते असतं हे गावाला कळणार. लहान पोरींच्या जोड्यांचे ठसे तो डोळ्यांनी बघून आला होता आणि तोंडातून अवाक्षर काढता येत नव्हतं.

"बैलाचा पाय दुखतोय," शेवटी तो म्हणाला.

"कुठल्या बैलाचा?"

"दोन्हींचा."

"मंगळवारपातुर?"

"सांगता येत न्हाई. बैलाचं हाय. कदाचित नाताळापातुर."

आणि तो गेला. मार्सेलीन दारातच उभी राहिली. त्याची द्राक्षं घाण्यात गेलेली, तिची वेलीवर. पाऊस पडून ऊन पडलेलं. साली फुटायला लागल्या होत्या, गांधीलमाश्या घोंगावत होत्या. चार दिवसांत कुजतील. चारपेक्षा जास्त नाहीत.

सोमवारी सकाळी सालोमेनं विचारलं, "मादाम, आपण रात्री झोपला नाहीत. आमच्याकडून काही चुकलं का?"

आता लांबून यायला वेळ नव्हता. मार्सेलीननं सगळं सांगितलं: रान कुणाचं, अळंबी कुणाची, बैल का लंगडले. सालोमेचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कानापर्यंत लाल.

"म्हणजे मी चोरी केली."

"चोरी म्हनू नगं. वाट चुकली तुझी."

"मी मुलींसमोर चोरी केली, मादाम."

"बस जरा. डोकं चालवू दे मला. येक ध्यानात घे, त्याला ह्ये बोलता येत न्हाई. बोलला तर त्याचीच जागा उघडी पडती. तवा आपन..."

पण सालोमे आत गेली होती. बाहेर आली ती तोंड धुऊन, केस घट्ट बांधून, रविवारचा काळा एप्रन घालून.

"निघालीस कुठं?"

"माफी मागायला. जे केलं ते स्पष्ट सांगितलं पाहिजे."

"स्पष्ट?" मार्सेलीन किंचाळली. "अगं बाई, स्पष्ट नगं! काय बी कर, पन स्पष्ट नगं!"

तोवर सालोमे फाटकातून बाहेर पडली होती. मार्सेलीननं जोडे पायात अडकवले आणि मागं धावली. आर्सेनच्या दारासमोरच गावचा धुण्याचा हौद होता. सोमवार असल्यानं गावातल्या झाडून साऱ्या बायका हौदावर. सालोमे त्यांच्यासमोरून सरळ गेली, आर्सेनच्या दारासमोर शाळेत कविता म्हणायला उभी राहतात तशी हात मागं घेऊन उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली:

"महाशय पुयाद! मी आपली क्षमा मागण्यासाठी आले आहे. काल दुपारी मी माझ्या दोन मुलींसह आपल्या रानात गेले..."

हौदावरची थापटणी थांबली. सगळ्या एकदम. साबणाचा फेस पाण्यावर नुसता तरंगत राहिला.

"...चुन्याच्या जुन्या भट्टीच्या बाजूने आम्ही वर चढलो, आणि तिथून..."

दार असं उघडलं की बिजागरी कळवळली. गुडघे आखडलेला आर्सेन पुयाद दोन ढांगांत पायऱ्या उतरला, सालोमेचा दंड धरला आणि म्हणाला, "या, या, बाहेर कशाला उभ्या, आत या, बाई, आत या, थंडी हाय!" आणि तिला आत ओढून दार लावून घेतलं. बाहेर घाम येण्यासारखं ऊन होतं.

मार्सेलीन धापा टाकत हौदापाशी पोचली.

"आत या म्हनला," एक बाई म्हणाली. "आर्सेन."

"बायको मेल्यापासनं त्या दारातनं कुनी आत गेलेलं बगितलं न्हाई मी," दुसरी म्हणाली.

"भट्टीच्या बाजूनं म्हनली का गं ती?" तिसरीनं सहज विचारावं तसं विचारलं आणि चादर पिळायला घेतली.

"भट्टीच्या चारी बाजूंनी रान हाय," मार्सेलीननं तिला खडसावलं आणि दाराकडं बघत राहिली. आत बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज आला. मग आर्सेनच्या घरातून हसण्याचा आवाज. सालोमेचा, आणि तिच्यामागून गंजलेल्या कुलपासारखा एक दुसरा.

दार उघडलं तेव्हा सालोमेचे गाल तांबडे होते आणि तिला अक्रोडाच्या वाइनचा वास येत होता.

"बैल उद्या सकाळी येतील, मादाम. त्यांचे पाय बरे आहेत."

मार्सेलीननं तिला हाताला धरून घरी आणलं. फाटक लावल्यावर म्हणाली, "मग? काय ठरलं आत?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आगं, मी काय परकी हाय?"

"मी शब्द दिला आहे. कोणालाही सांगायचं नाही."

"मला बी?"

"विशेषतः आपल्याला," सालोमे म्हणाली. "हे त्यांनी दोनदा सांगितलं."

मंगळवारी दव वाळायच्या आत बैल आले. पुढं आर्सेन, हातात काठी, तोंडात विडी, काही घडलंच नाही असा. दिवसभर टोपल्या भरल्या, गाडी टेकडी उतरली, चढली, उतरली. मार्ग्रेट वेलींच्या टोकाला स्टुलावर बसून सडके मणी काढून टाकत होती आणि सुरात काहीतरी गुणगुणत होती. बैलांना ते आवडत असावं, कारण तिथं आले की ते थांबायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाण्याचा दांडा फिरवताना मार्सेलीनची पाठ कुरकुरली, पण रस पिंपात पडायला लागला तसा तिला त्याचा आवाज पुरेसा झाला. द्राक्षं वाचली. तिनं बोट बुडवून चाखलं, मग सालोमेच्या पुढं केलं. सालोमेनंही चाखलं.

"गेयोर्गला हा रस आवडला असता," ती म्हणाली.

"पिंपभर ठिवू त्याच्यासाठी. येतील त्ये. दोघं बी येतील."

आर्सेनच्या मनात काय होतं ते पुढच्या रविवारी कळलं. तो दारात आला, खोकला, आणि पोरींना हाक मारली. दोघी धावत गेल्या. संध्याकाळी तिघं परतले. पोरींच्या हातात परडी, वर पानं झाकलेली, खाली काळ्या टोप्या. आता गुडघे वाकवायची गरजच उरली नव्हती. तो काठीनं दाखवायचा, पोरी वाकायच्या. अर्धी परडी मार्सेलीनच्या कढईत पडायची आणि आर्सेन जेवायला बसायचा. मार्ग्रेट त्याच्या रश्श्यात स्वतःच्या हातानं वाइन ओतायची. एकमेकांची भाषा कळत नसल्यानं दोघांचं फार छान जमत होतं.

"परक्या पोरींना जागा दावलीस," मार्सेलीन त्याला म्हणाली. "मला दावली न्हाईस. साऱ्या हयातीचा शेजार."

"त्यासाठीच," आर्सेन पाव मोडत सावकाश म्हणाला. "ह्या जानार. आज ना उद्या आपल्या गावाला जानार, आनि जाताना गुपित संगं घिऊन जानार. तू कुठं जानार हायेस? तू मरंपातुर हितंच."

मार्सेलीननं बाटली उचलून त्याच्यापासून लांब ठेवली.

सालोमेकडून काही निघणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. त्या बाईनं एकदा शब्द दिला की तिच्यात आणि भिंतीत फरक नसायचा. फ्रीडल आईवर गेली होती. राहिली लीना. सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, आणि मार्सेलीनला मेमे, म्हणजे आजी, म्हणायला लागलेली. सहा वर्षांच्या पोरीला आलुबुखारचा मुरंबा आवडतो, हे कळायला मार्सेलीनला वेळ लागला नाही. बाकीची कामाला गेली की ती फडताळ उघडायची, चमचा द्यायची आणि लांबून सुरुवात करायची. रानात गारवा असतो, न्हाई? झरा लागतो का गं? पेपे आर्सेन दमत असतील चढावर?

लीना चमचा चाटत विचार करायची. "कधी दमतात, कधी नाही."

तोडणीचा हिशेब गावानं आपापल्या परीनं केला. मेयर लासेरच्या मते आल्सासवाल्यांचं नशीब निघालं: छप्पर, सूप, आणि गावात कुणालाच मिळत नाहीत असल्या सेप. हौदावरच्या बायकांच्या मते फायदा मार्सेलीनचा: दोन हातांवर सबंध मळा आटोपला. भट्टीच्या चारी बाजूंनी रान धुंडून त्यांच्या हाती नुसते काटे आले होते. मार्सेलीनच्या मते सगळं आर्सेनच्या घशात गेलं: गुपित शाबूत, वाकायला पोरी, रविवारचं जेवण. आर्सेनला विचारलं तर तो म्हणायचा, दोन दिवस बैल गेले, घाणा गेला, अक्रोडाची जुनी बाटली गेली, आपण बुडालो. आणि पुन्हा ताटली पुढं करायचा.

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला आलुबुखारची शेवटची बरणी तळाला गेली. लीनानं चमचा आत फिरवला, काचेला चिकटलेलं शेवटचं खरवडलं आणि खाल्लं.

"येवडंच सांग, राजा," मार्सेलीन तिच्यासमोर वाकून म्हणाली. आता लांबून यायची तिच्यात ताकद उरली नव्हती. "भट्टीच्या वरच्या अंगाला का खालच्या?"

लीनानं डोळे मिटून चांगला विचार केला. मग डोळे उघडले.

"मेमे, अंजिराचा पण आहे का?"

मार्सेलीन गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि फडताळाच्या वरच्या फळीवरची बरणी काढायला स्टूल ओढलं.